कोण कोणाला टेकलंय? टॉलरन्स स्टॅकची वाट शोधण्याची रीत

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये दर पावसाळ्याच्या तोंडावर दोन-तीन नवी पोरं येतात. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा कमी-जास्त फरक, जोडायच्या वर्स्ट केस आणि आरएसएस या दोन रीती तोंडपाठ असतात. कुणाकुणाकडे तर एक्सेलची शीटही तयार असते. पण असेंब्ली ड्रॉइंग समोर ठेवून "या गॅपचा स्टॅक काढ" म्हटलं, की ड्रॉइंगवर आडवी दिसणारी झाडून सगळी मापं एकाखाली एक लिहायला सुरुवात होते. बेरीज बरोबर येते आणि उत्तर चुकतं, कारण बेरजेच्या आधीचं काम राहून गेलेलं असतं. ते काम म्हणजे वाट शोधणं.

टॉलरन्स स्टॅक म्हणजे एका पार्टच्या मापातला फरक पुढच्या पार्टवर चढत चढत शेवटी एखाद्या गॅपमध्ये जमा होतो, त्याचा हिशोब. तो फरक कुठल्या पार्टमधून कुठल्या पार्टमध्ये शिरतो, हीच स्टॅकची वाट. ही वाट मापांच्या रेषांवरून जात नाही. जिथं एक पार्ट दुसऱ्याला टेकतो, तिथूनच ती पुढं सरकते. आमचे फिटर मामा हेच दोन शब्दांत सांगतात: "काय टेकलंय ते बघ की!"

उदाहरण आपल्याच भागातलं घेऊ. तासगाव-पलूसकडं द्राक्षबागांच्या फवारणीला ट्रॅक्टरमागं ब्लोअर लावतात. त्याच्या पंख्याच्या शाफ्टला एक बेअरिंग हाउसिंग असतं. समजा हाउसिंगमध्ये ६२ मिमीचा बोअर (गोल पोकळी) आहे आणि बोअरच्या डाव्या टोकाला एक स्टेप (आत आलेला कठडा). स्टेपला टेकून पहिलं ६२०६ नंबरचं बेअरिंग, मग त्याच्या बाहेरच्या रेसच्या (कड्याच्या) मापाचा स्पेसर (मधली नळी), मग दुसरं ६२०६, आणि उजवीकडून कव्हर. कव्हरचा फ्लँज (बाहेरची चपटी कड) हाउसिंगच्या तोंडावर बसतो, बोल्ट आवळले जातात, आणि कव्हरचा स्पिगॉट (आत शिरणारा गोल उंचवटा) बोअरमध्ये शिरून बेअरिंगपर्यंत पोचतो. असली असेंब्ली या भागात कुठल्याही वर्कशॉपच्या बाकावर उघडी पडलेली सापडेल.

पहिली पायरी: गॅपला नाव द्या

"क्लिअरन्स बघायचा आहे" हे नाव नव्हे. गॅपला दोन काठ असतात आणि दोन्ही काठ लिहावे लागतात. आपला गॅप असा: दुसऱ्या बेअरिंगच्या बाहेरच्या रेसचा उजवा फेस, आणि कव्हरच्या स्पिगॉटचा पुढचा फेस. वाट या पहिल्या काठावरून निघणार आणि दुसऱ्या काठावर संपणार.

सोबत हेही लिहा की गॅप किती कमी आणि किती जास्त चालेल, आणि का. शून्याच्या खाली गेला तर कव्हरचा फ्लँज हाउसिंगवर बसतच नाही. बोल्ट आवळले की कव्हर वाकतं आणि बेअरिंगवर नको तो दाब येतो. फार वाढला तर शाफ्ट पुढं-मागं सरकतो आणि पंखा डक्टला घासू लागतो. आपण ०.०३ ते ०.४० मिमी अशी मर्यादा धरू. आधी आकडेमोड करून मग "चालेल का?" विचारणारे पुष्कळ आहेत. ते उत्तर पाहून मर्यादा ठरवतात. तसं करू नका.

दुसरी पायरी: पार्ट ओढून वेगळे काढा

सेक्शन ड्रॉइंगमध्ये दोन पार्ट टेकतात तिथं एकच रेष दिसते. ती रेष कुणाची, बेअरिंगची की स्पेसरची? डोळा फसतो तो इथंच. म्हणून कागद घ्या आणि पार्ट एकमेकांपासून बोटभर दूर सरकवून हातानं काढा. सुंदर नको, स्केल नको. आता एका रेषेच्या दोन रेषा झाल्या. जे दोन फेस असेंब्लीत टेकतात, त्यांच्यामध्ये लाल पेनानं छोटी रेघ मारा. जिथं टेकत नाही, तिथं काही नाही.

हे काम स्क्रीनवर करायचा मोह होतो. थ्रीडी मॉडेलमध्ये सगळे पार्ट नॉमिनलवर, म्हणजे टॉलरन्स सोडून मूळ मापावर असतात, त्यामुळं सगळेच सगळ्यांना टेकलेले दिसतात. मी अजूनही जुन्या प्रिंटच्या मागच्या कोऱ्या बाजूवर काढतो.

तिसरी पायरी: एका दारानं आत, दुसऱ्या दारानं बाहेर

आता चालायला लागा. सांगलीहून एसटीनं साताऱ्याला जाताना गाडी बदलायची तर स्टँडवरच बदलता येते. आष्टा, इस्लामपूर, कराड, सातारा. मधल्या उसात उतरून दुसरी गाडी धरता येत नाही. स्टॅकमध्ये पार्ट म्हणजे गाडी आणि लाल रेघ म्हणजे स्टँड. लाल रेघ नसेल तिथं एका पार्टमधून दुसऱ्यात उडी मारता येत नाही.

उजवीकडं जाताना अधिक, डावीकडं येताना उणे असं ठरवू. गॅपच्या डाव्या काठापासून सुरुवात करा (नॉमिनल मापं, मिमीत):

दुसरं बेअरिंग, डावीकडं: −१६
स्पेसर, डावीकडं: −४०
पहिलं बेअरिंग, डावीकडं: −१६
हाउसिंग, स्टेपपासून तोंडापर्यंत उजवीकडं: +७८.१०
कव्हर, फ्लँजच्या मागच्या (हाउसिंगला टेकणाऱ्या) फेसपासून स्पिगॉटच्या टोकापर्यंत डावीकडं: −६

पोचलो गॅपच्या दुसऱ्या काठावर. बेरीज +०.१०. उत्तर अधिक आलं म्हणजे फट आहे, उणे आलं म्हणजे पार्ट एकमेकांत घुसतायत.

यादी पुन्हा एकदा पाहा. प्रत्येक पार्ट एकदाच आला आहे. कव्हरच्या फ्लँजची जाडी कुठंच नाही, कारण वाट फ्लँजच्या मागच्या फेसवरून थेट स्पिगॉटला गेली. फ्लँजच्या पुढच्या फेसला कुणी टेकलेलंच नाही. नवी पोरं ती जाडी हमखास मिळवतात. शाफ्टचं एकही माप यादीत नाही. ते का नाही, आणि खरंच नाही का, हे पुढं येतं.

एक पार्ट दोनदा आला तर थांबा. दोन कारणं असू शकतात. एक म्हणजे तुम्ही वाट चुकलात. दुसरं, आणि जास्त वेळा घडणारं, म्हणजे पार्टचं ड्रॉइंग चुकीच्या जागेवरून मापलेलं आहे. समजा हाउसिंगच्या ड्रॉइंगवर ७८.१० हे माप दिलेलंच नाही. एकूण लांबी ९५.०० ±०.०५ दिली आहे आणि मागच्या फेसपासून स्टेपपर्यंत १६.९० ±०.०५. वजाबाकी केली की ७८.१० मिळतात, पण टॉलरन्स ±०.०५ राहत नाही, ±०.१० होतो. हाउसिंगचा मागचा फेस आपल्या गॅपशी काडीचाही संबंध ठेवत नाही, तरी वाट तिथून फिरून आली. कराडहून साताऱ्याला जाताना विट्याला चक्कर मारल्यासारखं. अशा वेळी शीटमध्ये दोन ओळी वाढवू नका, ड्रॉइंग बदलायला सांगा. माझ्या मते स्टॅक काढण्याचा निम्मा फायदा इथं आहे. गॅपचा आकडा मिळतोच, शिवाय कुठलं माप ड्रॉइंगवर थेट द्यायला हवं होतं तेही कळतं.

चौथी पायरी: दोन वाटा दिसल्या तर

आता शाफ्टकडं येऊ. दोन्ही बेअरिंगच्या आतल्या रेस शाफ्टवर आहेत. शाफ्टला मधोमध जाड भाग आहे, ४० ±०.०५ लांबीचा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक बेअरिंग नटनं आवळलेलं आहे. बाहेर स्पेसर ४० ±०.०५, आत शाफ्टचा जाड भाग ४० ±०.०५. कागदावर दोन्ही सारखे. प्रत्यक्षात एक ४०.०५ निघेल आणि दुसरा ३९.९५.

शाफ्टचा भाग लांब निघाला तर दुसऱ्या बेअरिंगची बाहेरची रेस स्पेसरला टेकेलच असं नाही. बेअरिंगच्या आत गोळ्यांची जेवढी ढिलाई असेल तेवढं ती मागं येईल, तिच्यापुढं शाफ्टच तिला ओढून धरेल. म्हणजे आपली वाट आता स्पेसरमधून जात नाही. ती पहिल्या बेअरिंगच्या गोळ्या, शाफ्ट, दुसऱ्या बेअरिंगच्या गोळ्या अशी जाते. स्पेसर लांब निघाला तर पुन्हा स्पेसरमधून. पन्नास नगांत काही या वाटेनं, काही त्या वाटेनं. वर लिहिलेली पाच ओळींची यादी अशा असेंब्लीला लागूच होत नाही.

अशा वेळी दोन्ही वाटांचं गणित करून वाईट उत्तर घ्यावं, असं काही जण सांगतात. गणित म्हणून ते चूक नाही. पण डिझाइन म्हणून पाहिलं तर इथं एकच काम दोघांना दिलं आहे, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. गणित वाढवण्यापेक्षा एकाला कामावरून काढा. टेकायचं कुणी हे ठरवा, आणि दुसऱ्यापाशी मुद्दाम फट ठेवा. फट एवढी, की टॉलरन्सच्या कुठल्याही टोकाला ती बुजणार नाही.

हाच घोटाळा इतर ठिकाणीही दिसतो. कव्हरचा फ्लँजही टेकवायचा आणि स्पिगॉटही टेकवायचा. दोन डॉवेल पिन (पार्टची जागा पक्की करणाऱ्या खुंट्या) दोन गोल भोकांत बसवायच्या आणि मधलं अंतर दोन्ही पार्टमध्ये जुळेल अशी आशा धरायची. दोन डॉवेलपैकी एकाला लांबट भोक द्यावं, हे जुन्या टूलरूमवाल्यांना कुणी सांगावं लागत नाही. ड्रॉइंग काढणाऱ्यांना मात्र सांगावं लागतं.

पाचवी पायरी: आकडे

समजा शाफ्टची अडचण मिटली आणि वाट पाच ओळींचीच आहे. आता गणित, पण त्याआधी एक गोम. बेअरिंगची रुंदी १६ ±काहीतरी नसते. नॉर्मल क्लासच्या ६२०६ची रुंदी १६ मिमी, टॉलरन्स ० ते −०.१२. म्हणजे बेअरिंग १६पेक्षा रुंद कधीच येणार नाही. स्टॅकमध्ये घालताना ते मधल्या आकड्यावर आणा: १५.९४ ±०.०६. हाउसिंग ७८.१०, स्पेसर ४० आणि स्पिगॉट ६ या तिघांना ±०.०५ धरू.

मधला गॅप: ७८.१० − १५.९४ − ४० − १५.९४ − ६ = ०.२२.

वर्स्ट केस, म्हणजे सगळे टॉलरन्स एकाच वेळी वाईट टोकाला: ०.०५ + ०.०६ + ०.०५ + ०.०६ + ०.०५ = ०.२७. गॅप −०.०५ ते ०.४९. दोन्ही टोकांना मर्यादा मोडली.

आरएसएस, म्हणजे प्रत्येक टॉलरन्सचा वर्ग करून बेरीज आणि त्याचं वर्गमूळ: सुमारे ०.१२. गॅप ०.१० ते ०.३४. झकास बसतो.

नव्या पोरांचे डोळे इथं चमकतात. पण आरएसएस दोन गोष्टी गृहीत धरतं: मापं मधल्या आकड्याभोवती विखुरलेली असतील, आणि एकाचा दुसऱ्याशी संबंध नसेल. आता लेथवर काय होतं ते पाहा. टर्नर नेहमी माल शिल्लक ठेवून थांबतो. जास्त राहिलं तर परत एक कट मारता येतो, जास्त काढलं तर जॉब भंगारात. त्यामुळं स्पेसर थोडा लांब राहतो, स्पिगॉट थोडा लांब राहतो, हाउसिंगची खोली थोडी कमी राहते. या तिन्ही गोष्टी गॅपच्या एकाच बाजूला ढकलतात: कमी. तिघं फक्त ०.०३नं तसे निघाले तरी मधला गॅप ०.२२वरून ०.१३वर येतो. दोन्ही बेअरिंगही बहुतेक एकाच खोक्यातली असतात, त्यामुळं त्यांच्या रुंद्या सारख्याच बाजूला झुकलेल्या असायची शक्यता मोठी. छोट्या लॉटला म्हणून मी वर्स्ट केसच धरतो. इन्स्पेक्शनकडं त्या मशीनची महिनाभराची मापं असतील आणि ती मध्यावर असतील, तर आरएसएसचं बोलू.

वाट आखूड करा

वर्स्ट केस मोडला की पहिली सूचना येते, "टॉलरन्स टाइट करा." ±०.०५चे ±०.०२ करा. बेअरिंगचं ०.१२ तसंच राहणार, ते तुमच्या हातात नाही. बाकीच्या तिघांवर ग्राइंडिंग चढेल आणि जॉबचा दर वाढेल.

त्याऐवजी वाटेतले स्टँडच कमी करता येतात का ते पाहा. स्पेसर काढून टाका. पहिलं बेअरिंग स्टेप आणि सर्क्लिप (बोअरच्या खाचेत बसणारी स्प्रिंगसारखी कडी) यांच्यात धरा. दुसऱ्या बेअरिंगची बाहेरची रेस बोअरमध्ये मोकळी सरकू द्या, आणि कव्हरचा स्पिगॉट एवढा आखूड करा की तो तिला कधी शिवणारच नाही. आता शाफ्टला पुढं-मागं धरणारं एकच बेअरिंग आहे. शाफ्ट आणि स्पेसरमधलं भांडणही यातच मिटलं.

नवा गॅप: पहिल्या बेअरिंगचा फेस आणि सर्क्लिप. वाटेत तीनच गाड्या. स्टेपपासून खाचेच्या लांबच्या भिंतीपर्यंत १८.१० ±०.०५, बेअरिंग १५.९४ ±०.०६, आणि सर्क्लिप २ मिमी, ० ते −०.०७, म्हणजे १.९६५ ±०.०३५. मधला गॅप ०.१९५, वर्स्ट केस ±०.१४५. गॅप ०.०५ ते ०.३४. एकही टॉलरन्स आवळला नाही आणि दोन्ही टोकं मर्यादेत आली. शाफ्टचा एकूण प्ले मोजाल तेव्हा बेअरिंगच्या आतली ढिलाई यात वेगळी मिळवा, तेवढं विसरू नका.

माप खाचेच्या लांबच्या भिंतीचं घेतलं, कारण बेअरिंगनं ढकललं की सर्क्लिप तिथंच टेकते. ड्रॉइंगवर जवळच्या भिंतीचं अंतर आणि खाचेची रुंदी अशी दोन मापं दिली, तर खाचेच्या रुंदीचा टॉलरन्सही वाटेत येऊन बसतो. रुंदी २.१५ला +०.१४ दिली असेल तर स्टॅक ±०.०७नं वाढतो, आणि केलेली सगळी मेहनत पाण्यात.

त्रिज्येच्या दिशेला

आतापर्यंत सगळं शाफ्टच्या लांबीच्या दिशेनं होतं. पंपात मात्र इंपेलर (आतलं फिरणारं चाक) आणि केसिंगची वेअर रिंग (झिजेसाठी बसवलेलं कडं) यांच्यामधली फट त्रिज्येच्या दिशेची असते. या जिल्ह्यात पंपाचा विषय टाळता येत नाही. १९१०मध्ये औंध संस्थानातल्या कुंडलजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि आज आसपासच्या कित्येक वर्कशॉपमध्ये पंपाचे पार्ट फिरताना दिसतात.

इथं दोन गोष्टी सांभाळा. व्यास लिहिताय की त्रिज्या, ते आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. निम्मे आकडे व्यासाचे आणि निम्मे त्रिज्येचे असलेली शीट मी एका ऑडिटमध्ये पाहिली आहे. ती दोन वर्षं वापरात होती.

दुसरी गोष्ट: इथं टेकणं म्हणजे फिट. कव्हर हाउसिंगला एम ८च्या बोल्टनं लावलं आहे, भोकं ९ मिमीची. बोल्टच्या भरवशावर कव्हर राहिलं तर ते कुठल्याही दिशेला अर्धा मिलिमीटर सरकू शकतं. पण त्याचा स्पिगॉट बोअरमध्ये ०.०४च्या फटीनं बसत असेल, तर तो ०.०२वरच अडतो. ज्याची फट सगळ्यात कमी, जागा तोच ठरवतो, म्हणून वाट स्पिगॉटमधून जाते आणि बोल्टची भोकं यादीतून बाद. भोकाला पोझिशन टॉलरन्स (भोकाच्या जागेत चालणारा फरक) ०.१ दिलेला असला तरी या गॅपपुरतं त्याला विचारायचं कारण नाही. स्पिगॉट नसेल किंवा तो ढिला असेल, तर मात्र भोकं, त्यांची पोझिशन आणि बोल्टची ढिलाई असं सगळं वाटेत येतं. आणि फट थोडी राहात नाही.

ड्रॉइंगवर नसलेले पार्ट

फ्लँज जिथं टेकतो तिथं पावडर कोटिंग झालं आहे का? कोटिंग साधारण ६० ते ८० मायक्रॉन, म्हणजे ०.०६ ते ०.०८ मिमी असतं. दोन्ही फेसवर असेल तर ०.१२च्या पुढं गेलं. ही सगळी जाडी आपल्या पाच ओळींच्या स्टॅकमध्ये फ्लँजखाली शिरते आणि गॅप वाढवते. टेकणाऱ्या फेसवर "कोटिंग नको" असं ड्रॉइंगवर लिहिलंच पाहिजे.

याहून भारी प्रकार आमच्याकडंच झाला. ब्लोअरमधून ग्रीस गळतंय म्हणून एका फिटरनं फ्लँजखाली अर्ध्या मिलिमीटरचा कागदी गॅस्केट कापून घातला. ग्रीस थांबलं. गॅप ०.२०वरून ०.७०वर गेला आणि शाफ्ट खडखडायला लागला. आठवडाभर आम्ही बेअरिंगला शिव्या देत होतो. तेव्हापासून मी प्रत्येक यादीत एक कोरी ओळ सोडतो, असेंब्लीच्या बाकावर जाऊन पाहिल्यावर भरायला.

शेवटची पायरी: बाकावर तपासा

कागदावरची वाट खरी आहे का, हे तपासायला दोन साधने पुरतात. एक म्हणजे मार्किंग ब्लू, टेकल्याची खूण उमटवणारा निळा लेप. जो फेस टेकतो असं तुम्ही म्हणता, त्याला पातळ ब्लू लावा, असेंब्ली आवळा, उघडा. समोरच्या फेसवर निळं उमटलं तर तिथं टेकतंय. अर्ध्याच भागावर उमटलं तर फेस तिरका आहे, आणि तुमच्या ±०.०५च्या ओळीला काही अर्थ राहिलेला नाही.

दुसरं म्हणजे शिशाची मऊ तार. अपेक्षित गॅपपेक्षा जाड तारेचे दोन तुकडे समोरासमोर ठेवा, कव्हर पूर्ण आवळा, काढा, चपट्या झालेल्या तारेची जाडी मायक्रोमीटरनं मोजा. पाच नगांवर हे करा. पाचही आकडे तुमच्या मर्यादेत पण सगळे एकाच बाजूला गोळा झालेले दिसले, तर टर्नरनं माल शिल्लक ठेवण्याची जी गोष्ट वर सांगितली, ती आठवा आणि स्पेसरपासून मापायला सुरुवात करा.